पद्मिनीची सीट: जुनं रेक्झिन जपायचं की नवं शिवून घ्यायचं?

बेळगाव-खानापूर पट्ट्यात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्यांच्या, म्हणजे पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरच्या रेक्झिनवर बुरशी धरतेच. तेवढ्यावरून नवं कव्हर शिवायला टाकू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. शिवणीत पाणी मुरू न देता पुसायचं, सावलीत वाळवायचं. मग ऊन अडवणारं, पाण्यावर आधारित ड्रेसिंग, म्हणजे रेक्झिनवर चोळायचं संरक्षक द्रव, अगदी पातळ लावायचं. थिनर मात्र लांबच ठेवा, तो रेक्झिनला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर ओढून काढतो. गेलेलं प्लास्टिसायझर कुठलंही पॉलिश परत आणत नाही; म्हणून कडक होऊन तडकलेल्या सीटला नवं रेक्झिनच हवं. पण मूळ दाणा (रेक्झिनच्या पृष्ठभागाचा पोत) आणि शिलाई नव्यात क्वचितच जुळते. दाराची पॅनेलं तर, फाटली नसतील तोवर, मी कारागिराला उतरवूच देत नाही.