कृतज्ञतेवरच्या चित्रपुस्तकांचा सेट वाचला, त्यातलं आजीचं पुस्तक नक्की घ्या

मुलगी साडेचार वर्षांची आहे. दिवसातून दहा वेळा मी तिला "थँक्यू म्हण" सांगते आणि ती म्हणतेही, पण पोपटासारखं, नजर सगळी हातातल्या खेळण्यावर. म्हणून कृतज्ञतेवरचा हा चार चित्रपुस्तकांचा सेट मागवला, महिनाभर रोज रात्री वाचतोय.

चारातलं एक पुस्तक अप्रतिम आहे. एका पोराच्या अस्वलाचा कान फाटतो, तो रडत रडत झोपून जातो आणि मग समोरासमोरची दोन पानं भरून एकच चित्र, शब्द एकही नाही. सगळीकडे अंधार, एका दिव्याखाली आजी बसलीये, चष्मा नाकावर घसरलाय, मांडीवर अस्वल आणि ती डोळे बारीक करून सुईत दोरा ओवतीये. पान उलटलं की सकाळ, पोरगा अस्वल घेऊन पळत सुटलाय आणि मागे खुर्चीत आजीला डुलकी लागलीये. चौथ्या की पाचव्या रात्री माझी मुलगी इथे थांबली, आजीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई, त्याला माहितीच नाहीये!" मला एकदम भरून आलं. साधारण चारच्या आसपास मुलांना कळायला लागतं की आपल्याला माहितीये ते दुसऱ्याला माहिती नसू शकतं, आणि आपण झोपलो असताना कोणीतरी आपल्यासाठी जागलं हे आधी दिसलं तरच आभार मनापासून येणार ना.

बाकी तीन पुस्तकांत गोम अशी की प्रत्येक पानावर "आपण आभार मानले पाहिजेत" असं छापलंय. अहो ते तर आम्ही घरी सांगतोच! 1980 साली ग्रीफ आणि ग्लीसन या संशोधकांनी लहान मुलांना भेटवस्तू देऊन बघितलं होतं, तेव्हाही मुलं आपणहून थँक्यू क्वचितच म्हणाली, आईबाबांनी आठवण करून दिल्यावर म्हणाली. तेच पुस्तकानेही करायचं तर चित्रं कशाला काढायची? त्यातल्या एकात तर थँक्यू न म्हणणाऱ्या मुलीशी कोणी खेळत नाही असं दाखवलंय, ते मी कपाटात वर ठेवून दिलं, भीतीने आलेले आभार मला नकोत.

कागद जाड आहे, रंग छान, पण शिलाई कच्ची, आमच्याकडे मधलं पान महिन्यातच सुटलं. वाचताना एकच करा, "मग आपण काय म्हणायचं?" असं लगेच विचारू नका, चित्रावर थांबा, मुलाला बघू द्या, मी पहिले तीन दिवस विचारत बसले आणि ती नुसती कंटाळली.

परवा सकाळी फ्रॉक घालताना तिने बटण चाचपून बघितलं आणि विचारलं, "हे तू रात्री लावलंस? मी झोपले होते तेव्हा?" थँक्यू म्हणाली नाही, बराच वेळ बटणाकडे बघत राहिली.

सुटं मिळालं तर फक्त आजीचं पुस्तक घ्या.