चिकटवायचा गोल आरसा: एका बाजूचा ठेवला, दुसऱ्या बाजूचा काढला

साइड मिररच्या कोपऱ्यात चिकटवायचे छोटे गोल आरसे मिळतात ना, साधारण 5 सेंटीमीटर व्यासाचे, जोडीने? मी त्यातले दोन्ही प्रकार वापरलेत. एक प्लॅस्टिकच्या कडेचा, हवा तसा फिरवता येणारा. दुसरा बिनकडेचा, नुसती पातळ काच. मत आधीच सांगून टाकतो: वस्तू कामाची आहे, पण पाकिटावर छापलेल्या कामाची नाही.

पाकिटावर असतं, ‘ब्लाइंड स्पॉट गायब’, म्हणजे कुठल्याच आरशात न दिसणारी शेजारची जागा गायब. आता शेजारच्या लेनमधली गाडी दिसत नाही ती बहुतेक वेळा मूळ आरसा फार आत वळवलेला असतो म्हणून. कुणाच्याही गाडीत बसून बघा. साइड मिररमध्ये स्वतःचीच मागची दारं ऐसपैस दिसतात, आणि उरलेल्या काचेत आतल्या आरशात दिसतं तेच पुन्हा. जॉर्ज प्लॅट्झर नावाच्या इंजिनिअरने 1995 मध्ये एका शोधनिबंधात यावर फुकटातला उपाय मांडला. डोकं ड्रायव्हरच्या खिडकीला टेकवायचं आणि त्या बाजूचा आरसा इतका बाहेर वळवायचा की गाडीची कड जेमतेम दिसेल. मग दोन्ही सीटच्या मधोमध झुकून दुसऱ्या बाजूचाही तसाच लावायचा. सरळ बसलं की आपली गाडी दोन्ही आरशांतून नाहीशी. पहिले काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं होतं खरं. पण मागून येणारी गाडी आतल्या आरशातून पुरती निसटायच्या आत साइड मिररमध्ये येते, आणि तिथून जाईपर्यंत तिचं नाक डोळ्याच्या कोपऱ्यात आलेलं असतं. खात्री करायला गाडी रस्त्याकडेला सुरक्षित जागी उभी करा आणि शेजारून जाणाऱ्या गाड्या एका आरशातून दुसऱ्यात कशा जातात ते बघा. मध्ये गाडी हरवली तर आरसा अजून थोडा बाहेर हवा.

मग गोल आरसा हवा कशाला? कारण आरसे असे बाहेर वळवले की आपलं मागचं चाक आणि फूटपाथची कड दिसेनाशी होते. नेमकं ते हा छोटा आरसा दाखवतो. गाडी कडेला लावताना मागचं चाक फूटपाथपासून किती सुटलंय, हे मान न ताणता कळतं. दुसरं म्हणजे सिग्नलला आपल्या मागच्या दाराला खेटून उभी राहिलेली दुचाकी. ती मोठ्या आरशातून सुटली तरी यात सापडते. वळण्याआधी मी यात बघतोच.

अंतराचं मात्र यात काही विचारू नका. अमेरिकी नियमांत ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाट लागतो. दुसऱ्या बाजूचा बहिर्वक्र, म्हणजे फुगीर, चालतो, पण त्याची वक्रता-त्रिज्या (ती जितकी कमी, तितका आरसा फुगीर) 889 ते 1651 मिलिमीटरमध्ये हवी आणि ‘दिसतं त्यापेक्षा वस्तू जवळ आहेत’ हा इशारा काचेवर कोरलेला हवा. हे गोल आरसे त्याहून कितीतरी जास्त फुगीर. अख्खा ट्रक त्यात काडेपेटीएवढा होतो. आहे की नाही, एवढंच यात बघायचं. किती वेगाने येतोय ते मोठ्या आरशात. आणि लेन बदलण्याआधी खांद्यावरून एक नजर टाकायची ती टाकायचीच.

एक गोष्ट कुठल्याच पाकिटावर नसते. चाळिशी लागलेल्यांना हा आरसा धूसर दिसू शकतो. सपाट आरशातली लांबची गाडी डोळ्याला लांबच असते. फुगीर आरशातली प्रतिमा काचेच्या जरा मागेच तयार होते, म्हणजे डोळ्याला आरशाएवढं जवळचं बघावं लागतं. माझ्या लांबच्या चष्म्यातून दुसऱ्या बाजूचा गोल आरसा बरा दिसतो, ड्रायव्हरच्या बाजूचा, जवळ असल्यामुळे, पुसट. म्हणून तो काढला. तसाही त्या बाजूला मान वळवून बघणं सोपं. लांबच्या आरशात मुळात कमी दिसतं आणि खरी गरजही तिकडेच.

दोन प्रकारांत माझी पसंती कडेवाल्याला. दिसायला बिनकडेचा सुबक, पण एकदा चिकटला की त्याचा कोन मूळ आरशाच्या हाती. कडेवाला वेगळा फिरवून मागच्या चाकावर नेमका आणता येतो. मात्र घेताना हाताने फिरवून बघा. सैल असेल तर खड्ड्यांतून गाडी गेली की चित्र थरथरतं आणि धुताना फडका लागला की कोन बदलतो. माझी पहिली जोडी अशीच होती. कडेच्या खाचेत चिखल साचतो, तो जुन्या टूथब्रशने निघतो.

चिकटवण्याआधी मोठ्या आरशाची काच स्पिरिटने पुसून कोरडी करा. जागा बाहेरच्या बाजूचा वरचा कोपरा. तिथे मोठ्या आरशात बहुतेक आभाळच असतं. मोठ्या आरशाची काच आत बारीक प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसवलेली असते, कोपऱ्यात जोर दिला तर निखळते. मागून बोटांचा आधार देऊन हलकेच दाबा. त्या दिवशी गाडी धुवायची नाही.

आतल्या आरशावर अडकवायचा लांबलचक रुंद आरसाही याच्या सोबतीने विकतात. तो घेऊ नका. रात्री मागच्या हेडलाइटचा झगझगाट कमी करायची मूळ आरशाची सोय त्याखाली झाकली जाते.

चिकटवलेला गोल आरसा काढायचा झाला तर पेचकस घालून उचकटू नका. ड्रायरने जरा गरम करून मागून बारीक नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढला की टेप कापली जाते, आणि राहिलेला चिकटा पुन्हा स्पिरिटनेच जातो.