पणजीचे चर्च: जिना, घंटा आणि मग इमारत

पणजीच्या मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचे छायाचित्र पाहिले नाही असा गोव्याचा पर्यटक विरळाच. परंतु त्या छायाचित्रात जे भव्य वाटते ते बहुतांशी चर्च नसून त्याचा जिना आहे, हे समोर जाऊन उभे राहिल्यावरच उमगते. टेकडीच्या उतारावर उलटसुलट वळणे घेत, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी राखत चढणाऱ्या पायऱ्या आणि त्यांचे पांढरे कठडे नजरेआड केले, तर वर उरते ती दोन मनोऱ्यांची, बेताच्या आकाराची, एखाद्या गावातल्या इगर्जीला, म्हणजे चर्चला, शोभेल अशी इमारत. यात चर्चचा उणेपणा नाही. लहान वास्तूला उंचीवर बसवून तिच्याकडे जाणारी वाटच देखणी करण्याची ही युक्ती मला फार हुशारीची वाटते.

आमच्या गटाच्या वाटाड्याने हे सारे १५४१ सालचे असल्याचे ठामपणे सांगितले. ते खरे नाही. १५४१मध्ये येथे एक छोटे प्रार्थनाघर उभे राहिले, १६००मध्ये त्याला पॅरिशचा, म्हणजे परिसरातील ख्रिस्ती समाजाच्या मुख्य चर्चचा, दर्जा मिळाला, आणि आजच्या इमारतीची बांधणी सतराव्या शतकाच्या प्रारंभीची आहे. जिन्याची रचना तर त्याहूनही बरीच अलीकडची. चर्च उभे राहिले त्या काळी पणजी हे मांडवीकाठचे किरकोळ गाव होते, राजधानी वर नदीकाठी जुन्या गोव्यात होती, आणि लिस्बनहून सुखरूप पोहोचलेले खलाशी पुढे जाण्यापूर्वी येथे आभाराची प्रार्थना करीत.

दर्शनी भागाच्या मधोमध, कमानीत टांगलेली घंटा मात्र जरूर निरखावी. खालून पाहिले की घंटेच्या दोन्ही अंगांनी आकाश दिसते, त्यामुळे ती भिंतीत बसवलेली नसून हवेत तोलून धरल्यासारखी भासते. ही घंटा मूळची या चर्चची नव्हे. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची ती घंटा. १८३५मध्ये मठ बंद झाला, १८४२मध्ये त्याच्या चर्चचे छत कोसळले, आणि ती घंटा आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहात काही काळ काढून १८७१मध्ये येथे आली. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलच्या सुवर्णघंटेनंतर गोव्यातली ही सर्वांत मोठी घंटा मानली जाते. १८४३मध्ये राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीकडे आला होताच. जुन्या शहराचा आवाजही असा मागाहून तिच्याकडे आला.

आत शिरल्यावर अपेक्षा थोड्या आवरत्या घ्याव्यात. एकच लांबट दालन, साध्या भिंती, आणि समोर सोनेरी कोरीवकामाने लखलखणारी मेरीची मुख्य वेदी, तिच्या दोन बाजूंना क्रुसावरचा ख्रिस्त आणि रोझरीची सायबीण, म्हणजे जपमाळेची माता मेरी. एवढ्या साधेपणात वेद्यांचे सोने काहीसे एकवटून डोळ्यांवर येते. जुन्या गोव्यातल्या प्रशस्त चर्चमध्ये ते उंचीत विरघळते, इथे तशी जागा नाही. बाजूचे संत फ्रान्सिस झेवियर यांचे छोटे दालन अनेक जण न पाहताच परततात.

हे नांदते प्रार्थनास्थळ असल्याने मिस्सा, म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासना, चालू असताना केवळ पाहण्यासाठी आत जाऊ नये आणि अंगभर कपडे घालावेत. ८ डिसेंबरच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाला, चौकात खाज्याची दुकाने आणि गर्दी असते. वास्तू निवांत पाहायची असेल तर तो दिवस टाळावा, खाजे खायचे असेल तर मुळीच टाळू नये.