एफट्रेस: इंटरप्ट हँडलरला धक्का न लावता आत डोकावण्याची सोय

अंधेरीच्या एमआयडीसीत आम्ही पॅकिंग मशीनचे कंट्रोलर बनवतो. फिरणं मोजणाऱ्या एन्कोडरच्या प्रत्येक पल्सला एक इंटरप्ट येतो, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम सोडून आधी हे बघायला लावणारा सिग्नल. तो उशिरा हाताळला गेला की पाकीट वाकडं कापलं जातं आणि भिवंडीच्या गोदामातून फोन येतो. त्यामुळे इंटरप्ट हँडलरमध्ये, म्हणजे तो सिग्नल हाताळणाऱ्या कोडमध्ये, नेमकं काय चाललंय हे बघायचं साधन हा आमच्या रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी प्रिंटकेकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून (कर्नेलमधून) संदेश छापणाऱ्या फंक्शनकडे जातो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली सिरियल केबल जोडायची आणि हँडलरमधून ओळी छापायच्या. पण हिशेब करून बघा. ११५२०० बॉडला सेकंदाला साधारण ११,५२० अक्षरं जातात, म्हणजे ८० अक्षरांच्या एका ओळीला जवळजवळ ७ मिलिसेकंद लागतात. हँडलरचं काम मात्र काही मायक्रोसेकंदांचं. छापण्यातच इतका वेळ गेला की मूळ वेळापत्रक राहतच नाही, मग मोजलेल्या आकड्याला अर्थ काय?

त्याऐवजी आम्ही एफट्रेस वापरतो. कर्नेलच्या आत काय घडतंय याची नोंद (ट्रेस) ठेवणारं हे साधन २००८ पासून, म्हणजे २.६.२७ आवृत्तीपासून, लिनक्स कर्नेलमध्येच आहे. स्टीव्हन रोस्टेड यांचं हे काम. पैसे लागत नाहीत. सोबत ते चालवायला ट्रेस-सीएमडी हा प्रोग्राम घेतला की कमांड लक्षात ठेवायचा त्रासही कमी होतो.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बंद असताना कर्नेलवर पडणारा नगण्य भार. ट्रेसपॉइंटच्या, म्हणजे कोडमध्ये नोंदीसाठी ठेवलेल्या ठिकाणाच्या, जागी एक नॉप (काहीच न करणारी) सूचना असते, आमच्या ६४ बिटांच्या आर्म बोर्डावर फक्त ४ बाइटची. ट्रेस चालू केला की कर्नेल चालता चालताच ती सूचना बदलून तिथे उडी बसवतं. नोंदी प्रोसेसरच्या प्रत्येक कोरच्या स्वतंत्र रिंग बफरमध्ये (गोल फिरून पुन्हा भरणाऱ्या साठ्यात) जातात, त्यामुळे एका कोरला दुसऱ्याच्या लॉकसाठी थांबावं लागत नाही. लिहिताना मध्येच दुसरा इंटरप्ट आला तरी नोंद बिघडत नाही. आमच्याकडचा नवीन मुलगा पहिल्यांदा हे चालवून धावत आला, "मॅडम, ट्रेस चालू आहे आणि तरीही पाकीट वाकडंच कापलं जातंय!" त्याला झालेला आनंद अगदी योग्य होता. प्रिंटके लावल्यावर हीच चूक गायब व्हायची.

बफर भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. त्यावर आमची पद्धत अशी: ड्रायव्हरला पल्सची गणती चुकलेली दिसली की त्याच ओळीत ट्रेसिंग-ऑफ हे नोंद थांबवणारं फंक्शन बोलवायचं. नोंद तिथेच गोठते आणि चुकीच्या आधीचा, बफरमध्ये मावलेला इतिहास हातात राहतो. नोंदीच्या प्रत्येक ओळीतल्या खुणा वाचायला शिका: 'डी' म्हणजे इंटरप्ट बंद, 'एच' म्हणजे हार्ड इंटरप्टमध्ये, 'एस' म्हणजे सॉफ्ट इंटरप्टमध्ये.

एक मर्यादा मात्र नीट समजून घ्या. 'आयआरक्यू हँडलर एन्ट्री' ही नोंद हँडलर सुरू होताना पडते, पिनवर सिग्नल आला तेव्हा नाही. मधला ताटकळण्याचा वेळ तिथे दिसतच नाही. आमच्या नोंदीत हँडलर अगदी चोख दिसत होता, फक्त उशिरा सुरू होत होता. त्यासाठी एफट्रेसमधलाच आयआरक्यूएसऑफ ट्रेसर लावावा लागला. इंटरप्ट सर्वाधिक काळ कुठे बंद राहिले ते तो फंक्शनच्या नावासकट दाखवतो. बोर्डासोबत आलेल्या डिस्प्लेचा ड्रायव्हर स्पिनलॉक (दुसऱ्यांना जागीच ताटकळत ठेवणारं कुलूप) धरून मिलिसेकंदाहून जास्त वेळ इंटरप्ट बंद ठेवत होता. हा ट्रेसर फुकट पडत नाही. इंटरप्टच्या प्रत्येक बंद-चालूवर तो हजेरी लावतो. फंक्शन-ट्रेस हा फंक्शनांचीही नोंद करणारा पर्याय शून्य केल्याशिवाय त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका.

घड्याळाकडेही लक्ष द्या. नोंदींच्या वेळेसाठी मूळ सेटिंग 'लोकल' असतं, म्हणजे प्रत्येक कोरचं आपलं घड्याळ. ते वेगवान आहे, पण दोन कोरांवरच्या नोंदींचा क्रम लावायचा असेल तर 'ग्लोबल' किंवा 'मोनो' निवडा. कागदपत्रं सविस्तर आहेत, पण नवख्याला जड जातात. एखाद्या जाणकाराशेजारी बसून पहिला दिवस काढलेला बरा.

खरी कटकट एफट्रेसची नाही, बोर्डाची. आमच्या बोर्डाच्या तयार कर्नेलमध्ये आयआरक्यूएसऑफ बांधलेलाच नव्हता आणि सोर्स मिळवायला विक्रेत्याच्या मागे लागावं लागलं. बोर्डाची ऑर्डर देण्याआधीच विचारून घ्या: कर्नेलचा पूर्ण सोर्स आणि कॉन्फिग फाइल मिळणार का, आणि कधी?