पहिली चित्रकादंबरी: ‘पर्सेपोलिस’ की ‘भीमायन’?

चित्रकादंबरी प्रथमच हाती घेणाऱ्याला मी आधी मार्जान सत्रापी यांची ‘पर्सेपोलिस’ सुचवेन, कारण काळ्या-पांढऱ्या सरळ चौकटी, छोटी प्रकरणे आणि १९७९च्या इराणी क्रांतीनंतरचे जग न्याहाळणारी दहा वर्षांची मुलगी यांमुळे नजर कुठे न्यावी, हा प्रश्नच पडत नाही. २०११ची ‘भीमायन’ मात्र, आंबेडकरांची कथा (साताऱ्याचे बालपण, महाडचे तळे) आपल्या ओळखीची असूनही, वाचकाकडे अधिक सवड मागते: दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी गोंड शैलीत सरळ चौकटीच मोडीत काढल्या आहेत, सौम्य बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, तर विखारी शब्दांच्या फुग्यांना चक्क विंचवाची नांगी आहे. चित्रांपाशी रेंगाळण्याची आवड असलेल्याने खुशाल ‘भीमायन’पासूनच सुरुवात करावी.