मसाज खोलीत की हॉटेलच्या स्पामध्ये?

खोलीतल्या मसाजचं खरं सुख मसाज संपल्यावर कळतं. अंगाला तेल, डोळ्यांवर झोप, आणि पलंग दोन पावलांवर! स्पामधून मात्र कपडे चढवून, लिफ्टमध्ये अनोळखी लोकांसमोर विस्कटलेले केस सावरत परतावं लागतं.

पण स्पाचं पारडं हलकं नाही. तिथलं टेबल पक्कं आणि उंची जुळवता येणारं असतं, खोलीत घडीचं टेबल येतं. स्टीम, सॉना बहुधा स्पातच, आणि मसाजच्या आधी थोडी वाफ घेतली की आखडलेले स्नायू सैल पडतात. डीप टिश्यू, म्हणजे जोर लावून खोलवरच्या स्नायूंचा मसाज हवा असेल तर मी स्पालाच जाईन. जोर लावायला टेबल डगमगणारं नको. दमून आल्यावर हलक्या हाताचा स्वीडिश मसाज हवा असेल, तर खोलीच बरी.

खोलीत येऊन मसाज करण्याचे बहुतेक ठिकाणी जादा पैसे लागतात. बुकिंग करतानाच कर, सेवाशुल्क आणि रद्द करण्याची मुदत विचारा. ६० मिनिटांत टेबल मांडायचा वेळ धरलाय का, हेही. गरोदरपण, रक्तदाब किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया मात्र दोन्हीकडे आधीच सांगायची. खोलीतल्या एसीचा गारवाही थोडा कमी करून ठेवा, तेल लावलेलं अंग पटकन गारठतं.