मोठ्या बातमीच्या दिवशी काय लावायचं: सह्याद्री, खासगी चॅनल की रेडिओ?

सांगली-मिरजेत नवीन घर घेतलेले किंवा गावाकडं आईवडिलांसाठी केबल घ्यावी की डीडी फ्री डिश या विचारात असलेले बरेच जण विचारतात, बातम्यांसाठी कुठलं बरं? माझं मत सरळ आहे, रोजच्या बातम्यांवरून हे ठरवू नका, मोठं काही घडतं त्या दिवशी कोण कामाला येतं ते बघा.

आधी खर्चाचं. फ्री डिशला डिश आणि बॉक्सचे पैसे एकदाच जातात, मग महिन्याला काही नाही. पण त्यातल्या खासगी चॅनलच्या जागा लिलावाने जातात, त्यामुळं आज दिसणारं मराठी न्यूज चॅनल पुढच्या वर्षी असेलच याची खात्री नाही. केबलला दरमहा पैसे जातात पण एबीपी माझा, झी २४ तास, टीव्ही ९ मराठी, साम असे पर्याय बदलून बघता येतात.

१५ ऑगस्टचं लाल किल्ल्यावरचं भाषण, २६ जानेवारीची परेड, यासाठी दूरदर्शनच लावा. चित्रण दूरदर्शनचंच असतं, खासगी चॅनलवर पण तेच येतं, फक्त त्यावर पट्ट्या, चौकटी आणि मध्ये अँकरचं बोलणं. म्हाताऱ्या माणसांना शांतपणे बघायचं असतं हो, त्यांना तो गोंधळ नको वाटतो.

निकालाच्या दिवशी मात्र खासगी मराठी चॅनल पाहिजेच. २०२४ च्या लोकसभेला सांगलीत तिरंगी लढत झाली आणि अपक्ष विशाल पाटील सुमारे १ लाख मतांनी निवडून आले, आता हिंदी चॅनलच्या आकड्यांत अपक्ष म्हणजे ‘इतर’च्या रकान्यात, आपल्या मतदारसंघाचं कळायला मराठी चॅनलच लागतं. पण चॅनलवरची आघाडी आणि निवडणूक आयोगाच्या साईटवरची आघाडी यात फरक असतो, चॅनल पुढं पळतं, आयोगाचा आकडा मागून येतो पण तोच खरा धरायचा. आणि एक्झिट पोलवर तर जीव टाकू नका, त्याच वेळी बहुतेकांनी एनडीएला ३५० च्या पुढं नेलं होतं, आले २९३.

हल्ला किंवा युद्धाच्या बातम्यांना मी टीव्हीवर सगळ्यात कमी भरवसा ठेवतो. २६/११ ला कारवाईचं थेट चित्रण पाकिस्तानात बसलेले सूत्रधार बघत होते, कसाबच्या निकालात सुप्रीम कोर्टाने चॅनलना त्यावरून स्पष्ट शब्दांत सुनावलं, मग २०१५ मध्ये नियम आला की अशी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी अधूनमधून सांगेल तेवढंच दाखवायचं. तरी मे २०२५ मध्ये काही चॅनलनी कराचीवर हल्ला झाल्याचं सांगितलं आणि ते खोटं निघालं. अशा रात्री डीडी न्यूज उशिरा सांगेल, पण थांबायची तयारी ठेवा, घरातली लहान पोरं पण तेच ऐकत असतात.

आता पूर, आपल्या माणसांचा खरा प्रश्न. २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५५ च्या आसपास. इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट, हे दोन आकडे नदीकाठच्या प्रत्येक घरात पाठ असतात. कर्नाळ रोड, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉटच्या माणसाला हवं असतं ते एवढंच: आत्ता आयर्विनला किती फूट, कोयना धरणातून विसर्ग किती क्युसेक, वारणेचं काय, कुठला रस्ता बंद. मुंबईत बसलेल्या चॅनलला त्याच वेळी कोल्हापूर, कोकण, राजकारण सगळंच दाखवायचं असतं, गुडघाभर पाण्यात उभा रिपोर्टर दिसतो, त्याची मेहनत खरीच आहे, पण आपल्या गल्लीत पाणी कधी येणार हे त्यातून कळत नाही. सह्याद्रीच्या बातम्या ठरलेल्या वेळी, त्यात सांगलीला दोन मिनिटं. शिवाय पाणी चढलं की लाईट जाते, मग केबल पण नाही आणि डिश पण नाही. तेव्हा सेलवरचा रेडिओ, आकाशवाणी सांगली आणि जिल्हा प्रशासनाच्या सूचना, हेच उपयोगी. व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ कुठल्या वर्षीचे आहेत हे बघितल्याशिवाय पुढं पाठवू नका, अशाने लोक घाबरून भलत्याच रस्त्याला लागतात.

बजेट कमी असेल तर फ्री डिश आणि रेडिओ घ्या, निकालाच्या दिवशी मोबाईलवर मराठी चॅनलचं लाईव्ह बघता येतं. आईवडील एकटे राहत असतील आणि मोबाईल जमत नसेल तर केबल घ्या, पण रिमोटवर सह्याद्री कितव्या नंबरला आहे ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी चिकटवा, आणि रेडिओचे सेल जूनच्या आधी बदलून ठेवा.